गठ्ठा उसवणारे काका

चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, “हे लागतं का तुम्हाला?” समोर पोहे असोत की संगणक, प्रश्न तोच. उज्जैनच्या देवास गेटपाशी पोह्यांच्या ठेल्यावर त्यांना शेव वेगळ्या कागदात, वरून भुरभुरायचा जिरावण मसाला वेगळ्या कागदात हवा असे. ठेलेवाला वैतागायचा, “बाबूजी, पोहे भी गिन के दूँ?” ते हसत, शेव मात्र वेगळीच घेत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. माझ्याकडे तो नोकरीलाच होता.

उज्जैनच्या लॉजवाल्यांच्या आणि भैरवगढच्या कापडावर ठसे छापणाऱ्या छापेवाल्यांच्या वेबसाइट मी चालवतो. बस स्टँडवर सीडी विकत इथवर आलो. एका भावात सगळं दिलं की गिऱ्हाईक खूश, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या वेब सर्व्हरला जोडायची बारा मॉड्यूलंही एकाच गठ्ठ्यात होती. एक फोटो लहान करणारं, एक गर्दी आवरणारं, एक नको त्यांना अडवणारं, अशी. काकांनी आल्या महिन्यातच तो गठ्ठा उसवला. प्रत्येकाचं वेगळं पॅकेज, आणि त्यावर एक ओळ: हे काढलं तर काय बंद पडेल.

“एकत्र काय वाईट होतं, काका?”

“ज्याला फोटो दाखवायचेच नाहीत, त्याच्या गळ्यात फोटोवालं कशाला?”

“फुकट तर देतोय.”

“फुकटचं सामानही सांभाळावं लागतं, शेठ.”

श्रावणातल्या एका सोमवारी, महाकालाच्या सवारीच्या ऐन गर्दीत, फोटोवाल्या मॉड्यूलमध्ये चोर शिरेल अशी खोट निघाली. काकांनी तेवढंच पॅकेज काढलं. लगेच लॉजवाल्याचा फोन, “भिया, कमरों के फोटू कहाँ उड़ गए?”

माझं डोकं फिरलं. सगळ्या ऑफिसदेखत म्हणालो, “तुमच्या या पुड्या बांधण्याच्या हौसेपायी माझा धंदा बुडेल.”

“गठ्ठा असता तर आज सगळंच बंद ठेवावं लागलं असतं. बुकिंग चालू आहे ना?”

“आहे.”

“मग ओरडताय कशाला?”

मी आणखी ओरडलो.

महिनाअखेरीस ते नोकरी सोडून मुलीकडे ग्वाल्हेरला निघून गेले. पगार वाढवतो म्हटलं. अर्धा दिवस या म्हटलं. घरून करा म्हटलं. प्रत्येक वेळी हात जोडून “नको”. ज्याला काहीच नको, त्याच्याशी सौदा करायचा कसा? माझा राग तो आहे, आणि अजून उतरलेला नाही.

मग मी वाट पाहू लागलो. काहीतरी अडेल, त्यांना बोलवावंच लागेल. दिवसातून दहादा सर्व्हरच्या खोलीत डोकावायचो. एकेक पॅकेज बदललं, नवं आलं, शेजारच्याला धक्काही लागला नाही. ऑफिसातली माणसं पॅकेजांवरच्या काकांच्या ओळी वाचतात आणि काम उरकतात.

परवा शेवटी मीच फोन लावला. “काका, सर्व्हर अडलाय.”

“कोणतं पॅकेज?”

बाराही नावं समोर होती, प्रत्येकापुढे नीट चालू असल्याची हिरवी खूण. मी वरून खाली वाचत गेलो. मग खालून वर.

“शेठ?” ते हळूच म्हणाले. “कोणतं?”