काकांचा हिरवा चौकोन

मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या, की काका हात वर करत आणि सांगलीच्या ठसक्यातल्या इंग्रजीत म्हणत, "सॉरी, माझा गोंधळ झालाय." मॅनेजर डोळे मिटून घ्यायचा. मला हसू यायचं, कारण गोंधळ माझाही झालेला असायचा, पण तसं बोलायची माझी छाती नव्हती.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावच्या आरोग्य मंडळाच्या ऑफिसात आम्ही दोघंच मराठी. मी पुण्याहून नुकतीच आलेली. काका मुळात डॉक्टर, पण इथली डॉक्टरकीची परीक्षा काही त्यांना पास होता आली नाही, म्हणून आकड्यांच्या टेबलाशी येऊन बसलेले. आमचं मंडळ स्वतः कुणाला तपासत नसे. सरकारच्या पैशातून आपल्या भागासाठी दवाखाने, नर्स, फिरत्या सेवा विकत घ्यायच्या, एवढंच त्याचं काम. ते काम मंडळाला कितपत जमतंय, हे आम्ही दर तिमाहीला लाल किंवा हिरवा चौकोन रंगवून वर कळवायचं.

"अगं, लग्नात आमटी खारट झाली तर मार्क आचाऱ्याचे कापायचे की त्याला बोलावणाऱ्या यजमानाचे?" काका डबा उघडता उघडता विचारत. उत्तर त्यांनाही ठाऊक नसे. मग ते मला लसणाची चटणी वाढत आणि विषय तिथेच राही.

त्यांचा जीव अडकला होता एका छोट्याशा सेवेत. अरोहा नावाची माओरी नर्स दम्याच्या पेशंटच्या घरी जायची, ओल धरलेल्या खोल्यांमध्ये बसून त्यांना पंप नीट ओढायला शिकवायची. या सेवेचं माप एकच: तिच्या पेशंटपैकी हॉस्पिटलात किती कमी भरती झाले. पण ती घरोघर जायला लागली आणि भरती वाढली. चौकोन लाल.

"माझा गोंधळ झालाय," काका म्हणाले. "ही माणसं आधीही आजारीच होती. आता कुणीतरी बघितलं, म्हणून हॉस्पिटलात पोचली. हे वाईट कसं?"

"मुद्दा बरोबर आहे," मॅनेजर म्हणाला, "पण जूनअखेर हिरवा आला नाही, तर सेवा बंद."

काका स्वतः अरोहाचे पेशंट होते. दमा त्यांना तरुणपणापासूनचा. "डॉक, सगळ्यांत हट्टी पेशंट तुम्हीच," असं ती त्यांना ऑफिसात सगळ्यांसमोर दटावायची आणि काका लाजायचे.

त्या जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, थंडी अंगात शिरली आणि काकांनी रजा टाकली. मी फोन केला तर धापा टाकत, इथल्या लोकांच्या बोलीत म्हणाले, "स्वीट ॲज गं, मस्त आहे. अरोहाचं काठावर आलंय. एक भरती वाढली तरी गेलं." आजारपणातही यांना ऑफिस सुचतंय, म्हणून मी त्यांची थट्टा केली.

जून संपला. चौकोन हिरवा आला, सेवा वाचली. आनंदाची बातमी सांगायला मी काकांच्या घरी फोन केला. काकूंनी उचलला. त्याच सकाळी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली होती.

"अरोहा कधीची सांगत होती, ॲडमिट व्हा म्हणून," काकू म्हणाल्या. "यांचं आपलं एकच, एवढा महिना संपू दे. कसला महिना गं? मला काही कळेचना."

काका हॉस्पिटलातून परत आले नाहीत. शेवटच्या निरोपाला अरोहा माझा हात धरून रडली. "त्यांनी माझं ऐकलं का नाही?" ती विचारत राहिली. मला खूप रडू आलं आणि काकांचा भयंकर रागही आला. ते माप खोटं आहे, असं उभ्या ऑफिसात म्हणणारे ते एकटेच होते. मग त्याच मापासाठी ते ॲडमिट न होता घरी कसे बसले? की डॉक्टर माणसाचा हॉस्पिटलात जायचा नुसता कंटाळा होता तो? अजून मला ठरवता येत नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने तो हिरवा चौकोन पडद्यावर मोठा करून दाखवला. सगळ्यांच्या माना डोलल्या. मी हात वर केला. मॅनेजरने विचारलं, "बोल, काय?" पण माझा प्रश्न काकांना होता.