काचेमागचा वीर

"ए आजी, मागे हो. काचेला हात लावायचा नाही."

पहारेकरी ओरडला तेव्हा आई माझ्या वडिलांसमोर उभी होती. म्हणजे त्यांच्या वीरासमोर. आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं लाकडाची फळी कोरतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. पाड्याबाहेर उघड्यावर रोवतात. तोच वीर. वडिलांचा वीर सूर्यमाळला होता. तो जव्हारच्या नव्या स्मृती-संग्रहालयात आणला मी.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मोखाड्याला कचेरीत कारकून. संग्रहालयाची इमारत बांधणारे आर्किटेक्ट साहेब पुण्याचे. शिरपामाळचं शिवस्मारक बघायला येणारे पाहुणे इकडेही वळावेत, असा बेत. मला म्हणाले, "एखादा वीर मिळवून द्या. तुम्ही शिकलेले. तुमचं लोक ऐकतात." मी फुगलो. आईला म्हणालो, "तिथं पाऊस नाही, वाळवी नाही. बा कायमचा राहील." ती उठून चुलीकडं गेली. संमतीच्या कागदावर मी सही केली.

उद्घाटनाला तिला घेऊन गेलो. काळ्या दगडाची अरुंद वाट, खाली उतरत जाणारी. एक खिडकी नाही. शेवटी अंधारी खोली, आणि छताच्या फटीतून नेमका वीरावर पडणारा उजेड. साहेब पाहुण्यांना सांगत होते, "इथं पोचेपर्यंत माणसाला आपण लहान आहोत असं वाटलं पाहिजे." पाहुण्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आईनं पदराची गाठ सोडली. तांदूळ आणले होते. वीराशी ती मोठ्यानं बोलायला लागली, माळावर बोलायची तशी. एक हात काचेवर. तेव्हाच पहारेकरी ओरडला. साहेब हसून मला म्हणाले, "सांगा त्यांना, हा आता सगळ्यांचा आहे."

मी सांगितलं. माझ्याच तोंडानं, माझ्या आईला.

"सगळ्यांचा?" ती म्हणाली. "मग मी कोणी नाय का?"

दंडाला धरून तिला मागे ओढलं. पहारेकऱ्यानं नाही. मी.

परतीच्या जीपमध्ये ती म्हणाली, "फळी झिजली, मातीत गेली का माणूस सुटतो. तू बापाला औषध लावून ठेवला. आता तो सुटायचा कसा?"

हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून. शाळेत, कचेरीत शुद्ध बोलायला शिकताना मी ते बाजूला सारलं होतं.

दोन वर्षांनी साहेब पुन्हा आले. दुसरं दालन बांधायचं होतं, आणखी वीर हवे होते. कागद तयार. त्यांच्यासमोर मी कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी खुर्ची ओढून बसलो.

"आधी पहिला परत द्या."

"अहो, नोंद झालेली वस्तू परत जात नसते."

"वस्तू नाही. बाप आहे."

चहा अर्धा टाकून ते उठले.

तेव्हापासून अर्ज करतोय. उत्तर एकच येतं. आई आता विचारत नाही, आणि मीही तिला खोटा धीर देत नाही. मी थकलोय. तरी रविवारी पाड्यांवर जातो. सांगतो, माझ्या बापाला मी कोंडला, तुम्ही सही करू नका. काही जण तोंड फिरवतात. बरोबर आहे त्यांचं.

वीर हातात येईपर्यंत अर्ज थांबणार नाहीत. आला, की माळावर रोवीन, आणि सडू देईन.