शालिकभाऊची डावी किडनी

शालिकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकतंच दुकान उघडलं होतं. समोर एक शेतकरी मोरचूद घ्यायला उभा होता. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाली, "मंदाबाई, झालं." मी त्या माणसाचा मोरचूद तोलून दिला, पिशवीला गाठ मारली आणि मग शटर ओढलं. भाऊला शेवटी शेवटी इतका दम लागायचा की आडवं होता येत नव्हतं. उशीवर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपायचा. त्यामुळे "झालं" हा शब्द ऐकायची आमची तयारी होती. तयारी होती म्हणून काही सोपं गेलं असं नाही... आता दीड महिना होऊन गेला. पांढुर्ण्यात माझं कृषी केंद्र आहे, रोज शंभर माणसं भेटतात आणि त्यातली निम्मी म्हणतात, "चांगला माणूस होता, नशीब एकेकाचं." मला हा नशीब शब्द इथे पटत नाही. माझ्या भावाच्या बाबतीत नशिबाचं किती होतं आणि नव्हतं किती, ते नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात आमच्या बाबांपासून करावी लागते. मी तेव्हा शाळेत होते, भाऊ शिक्षण सोडून संत्र्याच्या बागेत लागला होता. बाबांच्या लघवीतून लाल यायचं. उन्हाळी लागली असेल म्हणून त्यांनी धन्याजिऱ्याचं पाणी पिऊन ते अंगावर काढलं. कुशीत हाताला गोळा लागायला लागला तेव्हा नागपूरला नेलं. किडनीचा कॅन्सर निघाला. त्या काळी त्यावर एकच ऑपरेशन होतं: किडनी, तिच्याभोवतीची चरबी, वरची ग्रंथी, सगळं एकदम काढून टाकायचं. बाबांना पाठीपासून बेंबीजवळ येईपर्यंत चिरलं, वाट करायला बरगडीचा तुकडा कापला. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी भाऊला आत बोलावून ट्रेमध्ये ती किडनी दाखवली. नातेवाइकांना दाखवायची पद्धत अजूनही आहे. मग बरणीत घालून ती त्याच्याच हातात दिली. तपासणीची लॅब दुसऱ्या रस्त्यावर होती आणि तिथे नेऊन देणं हे घरच्यांचं काम असायचं. मिसरूड फुटलेला पोरगा, सायकलरिक्षात बसून बापाची किडनी मांडीवर धरून निघाला. घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "फुलकोबीवानी होती माय. किडनी कुठं अन् रोग कुठं, काई समजतच नव्हतं."

बाबांना उठून बसायलाच कितीतरी दिवस लागले. त्यांची ती शिवण गावानं येऊन येऊन पाहिली. पण त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, बागेत पाणी वळवत, मजुरांवर ओरडत, आणि गेले ते हृदयाच्या झटक्यानं. आमच्या घरात आणि गावातही त्यातून एक हिशेब पक्का बसला. पूर्ण काढलं म्हणून माणूस वाचला.

भाऊची गाठ सापडली तेव्हा त्याला चाळिशी लागली होती. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली होती. खडा उजवीकडे होता, तो पडून गेला, पण डावीकडच्या किडनीवर बोराएवढं काहीतरी दिसलं. त्याला कसलाही त्रास नव्हता. नागपूरचे सर्जन शांत माणूस होते. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या वेळी आम्ही तेच शिकलो होतो, पूर्ण काढा. आता एवढ्या लहान गाठीला तसं करत नाही. गाठ आणि तिच्या कडेचं थोडं काढू, बाकीची किडनी काम करत राहील."

"अन् उरलेल्यात राहून गेलं तर?" भाऊनं विचारलं.

"ती शक्यता कमी असते, आणि आपण तपासत राहू. तुमच्या वडिलांनाही हाच आजार होता. म्हणजे दुसऱ्या बाजूला व्हायचा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त. म्हणून तर ही वाचवायची."

भाऊ म्हणाला, "सर, पूर्णच काढा."

डॉक्टरांनी त्याला दोन दिवस विचार करायला दिले. आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. मी त्याला म्हटलं, डॉक्टर वेडे आहेत काय?

"मंदे, तू नाही पाह्यली ते बरणी. मी पाह्यली."

"ते फुलकोबी होती. हे बोर आहे."

"फुलकोबी बी पहिले बोरच असन ना."

"संत्र्याले डिंक्या रोग लागला तर तू झाड उपटून फेकतो काय? साल खरडतो, मलम लावतो. मीच विकून राहिली तुले ते मलम."

"झाडं शेकड्यानं आहेत. एखादं वाळलं तर वाळलं, म्हणून खरडून पाहतो."

"अन् किडन्या?"

"बाबाचं एकावर भागलं," तो म्हणाला आणि चहाचा ग्लास खाली ठेवून उठला. त्या दोन दिवसांत त्या विषयावर तो पुन्हा बोलला नाही. शरीर त्याचं होतं. सही त्यानं केली.

यावेळी ट्रे माझ्यासमोर आला. डॉक्टरांनी किडनी मधोमध उघडली होती. एका टोकाला पिवळसर गाठ, चिंचेत चिंचोका असावा तशी आपल्या जागी बसलेली, भोवती स्वच्छ कड. बाकी सगळी किडनी लाल, तुकतुकीत, कुठे डाग नाही. भाऊ शुद्धीवर आल्यावर त्यानं मला विचारलं, "केवढी होती?" मी म्हटलं, बोराएवढी. "अन् बाकीची?" मी खोटं बोलत नाही, त्याला ते माहीत होतं. म्हटलं, बाकीची चांगली होती. त्यानं छताकडे पाहिलं... "असू दे," म्हणाला.

हे ऑपरेशन दुर्बिणीचं होतं. पोटावर तीन-चार भोकं आणि किडनी बाहेर घ्यायला खाली एक छोटा चिरा. आठवड्यात तो घरी हिंडायला लागला. गावकरी पाहायला आले आणि त्यांचा विरस झाला. बाबांची शिवण पाहिलेल्या लोकांना हे ऑपरेशनच वाटेना. शेजारची म्हातारी म्हणाली, "येवढ्याशातून किडनी कशी निघन बाप्पा? फसवलं तुले." भाऊ तिला म्हणायचा, "भोक लहान आहे मावशी, पण काढली पूर्ण." हे तो ऐटीत सांगायचा, आणि पुढची चूक याच ऐटीतून झाली. पहिली काही वर्षं तो तपासणीला गेला. मग तोडणीचा हंगाम आहे, मजूर आले आहेत, अशी कारणं सुरू झाली. मी टोकलं की म्हणायचा, "जे काढून फेकलं त्याची तपासणी कायची करू?"

काही वर्षांनी पायावर सूज आली म्हणून गेला, तर उजव्या किडनीत दोन गाठी होत्या. एक वरच्या बाजूला, दुसरी आत, जिथून रक्तवाहिन्या शिरतात तिथे. तेच डॉक्टर, आता केस पांढरे झालेले. ते म्हणाले, "आता तुम्ही म्हटलं तरी मला पूर्ण काढता येत नाही." मधल्या काळात त्यांच्याकडे रोबो आला होता. डॉक्टर कोपऱ्यात यंत्रात डोकं घालून बसतात आणि रोग्याजवळ यंत्राचे हात काम करतात. किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडवायचा, तेवढ्यात गाठी काढून आतून शिवायचं आणि रक्त सोडायचं. उशीर झाला तर उरलेला भागही मरतो. दुसरी किडनी असती तर ती तोवर भार उचलते. भाऊला दुसरी नव्हती. गाठी निघाल्या, पण आतल्या गाठीसोबत बरंच जावं लागलं. उरलेल्या तुकड्यानं काही महिने काम केलं आणि मग ते थांबलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं.

पांढुर्ण्याहून गाडीनं तो नागपूरला जायचा आणि परत आला की स्टेशनवरून माझ्या दुकानात येऊन बसायचा. गावची जीप मिळेपर्यंत. पाणी मोजून प्यायचं होतं. फळांमध्ये त्याला ज्याची सगळ्यात कडक मनाई होती ते म्हणजे संत्रं. त्यातलं पोटॅशियम निघून जायला किडनी लागते. जन्मभर संत्र्यात वाढलेला माणूस, त्याच्या पिशवीत बागेतली दोन-तीन असायचीच. तो एकेक सोलायचा, साल न तोडता फुलासारखी उघडायचा, त्याच सालीवर फोडी मांडायचा आणि दुकानात जो असेल त्याला एकेक द्यायचा. शेवटची फोड माझ्याकडे सरकवायचा. मग नखं नाकाशी धरून बसायचा. मी त्याला कधी टोकलं नाही. वासाला मनाई नव्हती.

डॉक्टरांनी रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांची तपासणी सांगितली. माझी सोनोग्राफी स्वच्छ निघाली. भाऊची मुलगी स्वाती, सौंसरला दिलेली, तिच्या डाव्या किडनीवर शेंगदाण्याएवढा ठिपका दिसला. तिशीसुद्धा झाली नव्हती. डॉक्टरांनी तेवढीच गाठ काढू म्हणून सांगितलं. पण जामसावळीच्या रस्त्यावर तिच्या सासऱ्यांचं किराणा दुकान आहे, तिथे घरात वेगळं ठरलं. त्यांचा युक्तिवाद आमच्या गावाइतकाच सरळ होता: आजोबाची पूर्ण काढली, ते म्हातारे होऊन गेले. बापाची दुसऱ्यांदा अर्धी काढली, तो डायलिसिसवर आला. म्हणजे अर्ध्यात धोका.

भाऊला हे कळलं तेव्हा त्याच्या फुप्फुसातही आजार उतरला होता. त्यानं मला गाडी करायला लावली. डायलिसिसचा दिवस नव्हता, उन्हं छान होती, बोरगावजवळ त्याला उलटी झाली म्हणून थांबलो, आणि मी म्हटलं, परत जाऊ, मी एकटी जाऊन बोलते. तो म्हणाला, "तुझ्यानं नाही होणार. त्याईले मी दिसलो पाहिजे."

इवाईंनी, म्हणजे स्वातीच्या सासऱ्यांनी, त्याला आधार देऊन खुर्चीवर बसवलं. पाणी आणलं, त्यानं ओठ ओले केले. इवाई म्हणाले, "शालिकभाऊ, तुमची हालत पाहूनच आम्ही म्हणून राहिलो. पोरीचं पूर्ण काढून टाकू. कटकट नको."

"तुम्ही उलटं वाचून राहिले," भाऊ म्हणाला. बोलायला त्याला वेळ लागत होता. "दुसऱ्या वक्ताले अर्धं काढलं म्हणून नाही मी मरून राहिलो. पहिल्या वक्ताले पूर्ण काढलं म्हणून मरून राहिलो. ते डावी चांगली होती. मंदीनं पाह्यली. विचारा तिले."

इवाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जे पाहिलं ते सांगितलं, ट्रे, गाठ, बाकीचा लाल स्वच्छ भाग. स्वाती दारात उभी होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं. ती किडनी बाकी चांगली होती, हे आमच्या घरात कुणी बोलत नसे.

"डॉक्टरनं मले दोन दिवस देल्ले होते," भाऊ म्हणाला. "मी दोन मिनिटं बी विचार नाही केला... पोरीचं मी तसं होऊ देणार नाही. तुम्ही माह्यावर रागवा, चालन."

इवाई रागावले नाहीत. सुनेकडे वळून म्हणाले, "तू काय म्हणतेस?" स्वाती म्हणाली, "बाबा म्हणतात तसं."

तारीख ठरली, पण भाऊ तिच्याआधीच गेला. तेरवी झाली आणि त्यानंतर स्वातीचं ऑपरेशन झालं. इवाई ऑपरेशनचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवसही दवाखान्यात बसून होते. गाठ तेवढी निघाली, किडनी राहिली. तिला ठराविक काळानं तपासणीला जावंच लागेल, जन्मभर, आणि पुढे काही निघणार नाही असं डॉक्टरांनी म्हटलेलं नाही. तिला एक मुलगी आहे. तिचीही मोठी झाल्यावर तपासणी करायची आहे. हे संपलेलं नाही.

घरी सोडण्याच्या सकाळी मी भाऊच्या बागेतली मृग बहाराची संत्री घेऊन गेले होते. तिला खायला काय चालेल म्हणून नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, सगळं. स्वातीनं पलंगावर बसून एक संत्रं घेतलं, साल न तोडता उघडलं, सालीवर फोडी मांडल्या. एक मला दिली, एक वहिनीला, एक इवाईंना, बाजूच्या पलंगावरच्या बाईलाही दोन दिल्या. शेवटची उरली. ती तिनं स्वतः खाल्ली.