माझ्या हाताचा गुण

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. एरवी त्याला सगळं सांगते हो — कुणाशी भांडले, कुणाला झापलं. हे मात्र जिभेवर येतं आणि — जाऊ दे, आज सांगतेच.

मी सिस्टर. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, एका सरकारी रुग्णालयातल्या बाळंतपणाच्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. आमच्याकडच्या बायका दसरा झाला की ऊसतोडीला जातात. पोटुशी असली तरी कोयता सुटत नाही, ओली बाळंतीणही फडात उभी. ते बघून मला राग यायचा. कुणाचा? नवऱ्यांचा, सासवांचा, मुकादमांचा — आणि खरं सांगू, त्या बायकांचाही. "अगं बाई, तुला कळत कसं नाही!" असं तोंडावर म्हणायचे. मी फटकळच.

संगीता — नाव बदललंय — विशीतली पोर, पहिलटकरीण. मुलगी झाली. माझा हात घट्ट धरून इतकी गोड हसली की मला तिची माया वाटली. मायाच, शपथ! महिन्याभरात ही टोळीबरोबर जाणार, पुढच्या वर्षी पुन्हा पोट घेऊन येणार, हे मला दिसत होतं. वार पडली, आणि पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून मी लगेच तांबी बसवली.

विचारलं नाही.

विचारायला कितीसा वेळ लागतो? एक वाक्य. पण ती म्हणणार, "घरी इचारते," म्हणजे राहिलंच ते. आणि आपण तिच्या भल्याचंच करतोय ना? संमतीची सही बाकीच्या कागदांबरोबर उरकून घेतली. तांबीचं कार्ड तिला दिलंच नाही. दोन-तीन वर्षांनी येईल तेव्हा सांगू, काढून देऊ, असं मनाशी म्हटलं आणि विसरले. विसरले — किती सोपं आहे बघा म्हणायला.

ती आली चार वर्षांनी. पार वाळलेली, दंडात दोन ताईत. "सिस्टर, माझी पोर तुमच्याच हातावर झाली. आता दुसरं ऱ्हातच न्हाई. सासू म्हनती, पोराची दुसरी करू. काय तरी बघा."

मी तपासलं. तांबीचा दोरा दिसला.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? ती टेबलावर निजलेली, छताकडे बघत देवाचं नाव घेत होती. मी चिमट्यानं तांबी काढली, कापसात गुंडाळून टाकली आणि म्हणाले, "थोडी सूज होती गं, साफ केलंय. होईल आता." आणि लगेच पुढच्या बाईला हाक मारली. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी तिला मूल झालं. सव्वा महिन्यानं बाळ घेऊन आली, ओपीडीच्या रांगेसमोर मला खुर्चीवर बसवलं आणि माझी ओटी भरली. खण, नारळ, गहू. "सिस्टरच्या हाताला लई गुन हाय," रांगेतल्या बायकांना सांगत होती. आणि मी? मी पदर पुढे केला.

आता आमच्याकडे पुष्कळ सुधारलंय. पडदे आले, बाईशी निवांत बोलायला वेगळी खोली झाली. नव्या मुलींना मीच शिकवते — आधी विचारा, सगळे उपाय समजावून सांगा, ती नाही म्हणाली तर नाही. चांगलं शिकवते मी, सगळे म्हणतात.

संगीता अजून येते, कधी जावेला घेऊन, कधी भाचीला. मागच्या महिन्यात तिची मोठी लेक सोबत होती. तिच्यासमोर सहज म्हणाली, "माझ्यातच खोट हुती. समदी बोलायची, ते काय चुकीचं नव्हतं. सिस्टरनी बरी केली मला."

तिच्यात काही खोट नव्हती. मी तिच्या समोर बसले होते. मी तिच्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.