मंडईतलं कुलूप

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गोंदियाजवळच्या कुडव्यात टीव्ही-मोबाइल दुरुस्त करायचे. त्यांनी राइस मिलच्या गोदामासाठी एक कुलूप बनवलं. गोंदियात कुणी आकडे दाबून ते उघडलं, की कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा पीत बसलेल्या मालकाच्या मोबाइलवर मेसेज जायचा. मालकानं तिथूनच 'नको' म्हटलं, की कुलूप परत बंद. नागपूरचा एक कुलूपवाला ते घ्यायला तयार होता, पण पेटंट मिळालं तरच.

पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. कुलूप जुनं, मोबाइल जुना, दोघांचं लग्न लावलं म्हणजे शोध होत नाही, असा एकूण सूर. भाऊजींनी अपील केलं. मुंबईच्या सुनावणीला मीही गेलो. असलं फुकटचं नाटक मी सोडतो होय!

पहिला अंक आमचा. कुलूप नुसतं ओरडत नाही, लांबून सांगितलेलं ऐकतंही, हे वकिलांनी झकास पटवलं. माना डोलल्या. मग सुनावणी घेणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, "पण हे प्रत्यक्षात चालतं का?"

वकील तोंड उघडणार, तोच भाऊजी उभे.

"चालते म्हंजे? मॅडम, अख्ख्या गावानं उघडून पायलं हाये! दिवाळीनंतरच्या मंडईत टेबलावर ठेवलं होतं. हा आमचा साळा माइकवर बोंबलत होता."

मी अदबीनं नमस्कार केला.

"जत्रेत? अर्ज करायच्या आधी?"

वकिलांनी डोळे मिटले.

"मंग! चालते का नाई ते पायल्याबिगर अर्ज कायले केला असता?"

अर्जाआधी चारचौघांना दाखवलेली वस्तू कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, हे आम्हाला तिथं कळलं. आमच्याकडे चारचौघांनी हात लावल्याशिवाय वस्तू कुणी घेतच नाही. अपील गेलं.

जिन्यात वकील कळवळले, "एवढं सविस्तर कशाला सांगितलंत?"

"चोरीचं कुलूप होतं का, लपवाले?" भाऊजी म्हणाले.

नागपूरवाल्यानं फोन उचलणं बंद केलं. पुढे भाऊजींच्या समोरच्याच दुकानदारानं हुबेहूब तसलं कुलूप विकायला काढलं. त्याला कोण अडवणार? पण त्याचं कुलूप एकाचं गोदाम उघडलं की दुसऱ्यालाच मेसेज धाडायचं. भाऊजींनी काही दिवस दातओठ खाल्ले. मग एका दुपारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन रस्ता ओलांडला.

"सरक बे," ते त्या दुकानदाराला म्हणाले, "माही बदनामी करून राहिला तू."