तळहातावरची दही-साखर

चांगल्या कामाला निघताना हातावर दही-साखर घ्यायची, ही आमच्या घरात सक्ती आहे. परीक्षा असो, कापूस विकायला न्यायचा असो, नाहीतर नवी मोटरसायकल आणायची असो, सासूबाई उंबऱ्यात वाटी घेऊन हजर. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं आणि माझं भांडण रोजचं, अबोला मात्र फार तर पुढच्या चहापर्यंत टिकतो.

माझ्या मुलीला पहिल्यांदा शाळा दाखवायला नेलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, हिला शाळेत घेणार कोण? बोलायची थोडं, तेही मनात आलं तर. फिरत्या पंख्याकडे बघून खुदकन हसायची. ताटात भाताला वरण शिवलं की जेवण संपलं. आपणहून कुणाला हात लावायची नाही, बिलगणं तर लांबच. आपल्याला ही पोर पूर्ण कळते, असा मला मोठा गर्व होता.

पहिली शाळा आमच्या जाफराबादेतलीच. टाय, बूट, पिवळी बस असा सगळा थाट. नाव विचारलं की नाव सांगायचं, याची मी आठवडाभर तालीम घेतली. निघताना आत्यांनी नातीच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तिने तोंड फिरवलं, तेव्हा बोटभर ओठाला लावून शकुन उरकला. मी ओढणीने तिचा हात पुसला आणि निघालो. ऑफिसात ती उजवा हात पुढे ताणून, बोटं फाकून, रडतच राहिली. मुख्याध्यापिका दोनदा म्हणाल्या, "हात खाली घे, बेटा." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बाकीच्या पालकांचाही विचार करावा लागतो आम्हाला." माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. नवऱ्याने मनगट दाबलं म्हणून त्या बाई वाचल्या.

दुसरी शाळा जालन्याची, अशाच मुलांसाठीची. एसटीत ती पुन्हा हात ताणून रडली आणि अर्ध्या वाटेत झोपली. पोचेपर्यंत शांत झाली होती, म्हणून बसच तिला मानवत नाही, असं आम्ही ठरवून टाकलं. तिथली माणसं फार चांगली. पण जायला दोन तास, यायला दोन तास. तिथल्या ताई म्हणाल्या, "महिन्यातून दोनदा आणा, आम्ही शिकवू. रोज नको, थकेल लेकरू. जवळची शाळा बघा. आणि तिथल्या बाई आधी कुणाकडे बघतात ते बघा, तुमच्याकडे का हिच्याकडे."

घरी आल्यावर आत्यांनी निदान केलं. "दही कमी पडून राह्यलं. आता बराबर घालते."

तिसऱ्या वेळी खरंच मूठभर दही आलं. नवऱ्याच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने जवळच्या खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा सुचवली होती. काळीपिवळी जीपने पंधरा मिनिटं. दोन खोल्या, एक कडुनिंब, पाण्याची टाकी. पोर अख्ख्या रस्त्याने हात पुढे धरून रडत होती आणि मी मनातल्या मनात परतीची तयारी करत होते.

बाई हजेरी घेत होत्या. त्यांनी हजेरीपट मिटला, मुलीकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. आमच्याशी एक शब्द न बोलता टाकीवरून मगभर पाणी आणलं, तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. मुलीने हात मगात घातला. चोळला, काढला, निरखून पाहिला, पुन्हा घातला. रडणं थांबलं.

"काय लागल्तं हाताला?" बाईंनी विचारलं.

"दही-साखर," मी म्हणाले.

"चिकट चालत न्हाई वाटतं तिला. जेवती काय?"

मी वरण-भाताचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग खिचडीच्या दिवशी तिच्यापुरता पांढरा भात आधी बाजूला काढायला सांगते. मला या मुलांचं लई कळत न्हाई. जालन्याला जे सांगतेत ते तुम्ही मला सांगत जा."

खरं सांगते, मला त्या बाईंचा राग आला. सहा वर्षं मी आई होते, आणि यांना दोन मिनिटांत दिसलं. परतीच्या गाडीत मी रडले. पोर स्वतःचा स्वच्छ हात बघत बसली होती.

पोटात काही ठेवायची मला सवय नाही, त्यामुळे घरात पाऊल टाकताच आत्यांना सगळं सांगून टाकलं. सांगितल्यावर वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं. त्या कितीतरी वेळ वाटी घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन बारी मीच रडवलं की गं लेकराला."

"पुसायला मीच होते ना," मी म्हणाले. "ओढणीने दही निघतंय होय! दोघी सारख्याच हुशार आपण." त्या हसल्या नाहीत. चहा मीच केला.

शाळेच्या पहिल्या दिवशी आत्या उंबऱ्यात पुन्हा वाटी घेऊन उभ्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वाटीत डोकावले. नुसतं पाणी होतं. "दही मी खाल्लं तिच्या वाटचं," त्या म्हणाल्या. "शकुन बिलकुल मोडला न्हाई."

त्यांनी वाटी पुढे धरली. मुलीने बोटं बुडवली, हात उलटसुलट करून बघितला. मग आजीचा पदर ओढून घेतला, त्याला हात नीट पुसला आणि दप्तर घेऊन चालू लागली.

संध्याकाळी ती शाळेतून आली, न रडता. आत्यांनी कामाच्या गडबडीतही तो पदर दिवसभर कमरेला खोचला नव्हता.