दुपारच्या सुट्टीत पळणारा काटा

रंजनाच्या हातात माझं पुठ्ठ्याचं घड्याळ होतं आणि मागे खुर्चीवर बसलेल्या मॅडमच्या हातात माझे मार्क.

मी तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेवटी एक परीक्षेचा पाठ असतो. म्हणजे कॉलेजकडून कुणीतरी येतं, वर्गात मागे बसतं आणि आपण कसं शिकवतो ते पाहून मार्क देतं. पाठ गेला की वर्ष गेलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांनी टेंभुर्णीच्या बाजारात ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा मास्तर झाला. व्हायचं तेवढं बाकी होतं.

शाळा भोकरदन तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या हेडमास्तरांनी मला रोज आपल्या डब्यातली भाजी दिली आहे.

विषय मीच निवडला. तिसरीचा वर्ग, घड्याळ वाचणे. हेडमास्तर म्हणाले होते, "दुसरं काही घ्या की. फुलाचे भाग घ्या." पण माझं शैक्षणिक साधन, म्हणजे शिकवताना दाखवायची वस्तू, तयार होतं. बुटाच्या खोक्याचं झाकण, त्यावर आकडे आणि मधे टाचणीवर फिरणारे दोन काटे. ते वाया घालवायचं माझ्या जिवावर आलं.

शाळेचं खरं घड्याळ व्हरांड्यात, वर्गाच्या दारासमोरच होतं. त्याची एक पद्धत होती. शाळा अकराची. मास्तरांची एसटी यायची बाराला. मास्तर फाटकातून आत आले की शिपाई किसनमामा स्टुलावर चढून घड्याळ तासभर मागे घेत. अकरा वाजत. मग घंटा होई. पण परतीची एसटी पाचला होती आणि ती काही शाळेच्या घड्याळाकडे पाहत नसे. म्हणून दुपारी घड्याळात दोन वाजून मधली सुट्टी झाली की किसनमामा तोच तास पुढे ढकलत. शाळा सुटताना घड्याळ अगदी खरी वेळ दाखवी. कोणाची तक्रार नव्हती. मीही त्याच एसटीने जात-येत होतो, त्यामुळे मलाही त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

माझ्या पाठाच्या दिवशी मॅडमही बाराच्याच एसटीने आल्या आणि फाइलमध्ये पोचल्याची वेळ अकरा लिहून मोकळ्या झाल्या.

पाठ चांगला चालला होता. लहान काटा तास दाखवतो, मोठा मिनिटं. मुलं एका सुरात म्हणत होती. मग मी रंजनाला पुढे बोलावलं. ही पहिल्या रांगेतली, कधी न चुकणारी पोरगी. म्हणून तिलाच बोलावलं.

"दोन वाजलेत समज. आता तीन कसे वाजतात ते काटे फिरवून दाखव."

तिने मोठा काटा धरला, गर्रकन एक फेरी मारली आणि जागेवर जायला निघाली.

"एवढ्या जल्दी?"

"दोनाचे तीन असेच होतेत, सर. किसनमामा स्टुलावर चढतेत आन् फिरवतेत. सकाळी उलटं, दुपारी सुलटं."

मागून एक पोरगा म्हणाला, "आमच्या घरचं आपलं आपलं चालतंय. पर ते शाळेचं न्हाई."

मॅडमशेजारी बसलेले हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकले. "जुनं घड्याळ हाय, मॅडम. मागं पडतं. मिळवून घ्यावं लागतं."

"रोज तासभर?"

"पावसाळ्यात कमी-जास्त होतं."

आमच्या पुस्तकात लिहिलं होतं की उत्तर बरोबर असेल तर शाबासकी द्यावी, चूक असेल तर प्रेमाने दुरुस्त करावं. इथे चूक म्हणालो तर पोरगी खोटी पडत होती आणि बरोबर म्हणालो तर हेडमास्तर. इंटर्नशिपच्या दाखल्यावर सही त्यांचीच लागत होती. वडील डोळ्यासमोर आले.

"रंजना, तू पाहिलंस ते बरोबर सांगितलंस," मी म्हणालो. "आता समज, किसनमामा रजेवर गेलेत. मग तीन कसे वाजतील?"

तिने विचार केला. मोठा काटा जरासा सरकवला, थांबली. पुन्हा जरासा सरकवला, थांबली. "लई वेळ लागंल, सर," ती म्हणाली.

एवढं सुंदर उत्तर मला नंतर कोणत्याही वर्गात मिळालं नाही. मी शाबासकी देणार, इतक्यात व्हरांड्यात स्टूल ओढल्याचा आवाज आला. दोन वाजले होते. आज पाहुण्या आल्यात, आजच्या दिवस राहू द्या, असं किसनमामांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते चढले, त्यांनी काटा गर्रकन फिरवला, उतरले आणि स्टूल घेऊन गेले. सगळ्या वर्गाने पाहिलं. रंजनाने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "पाठ संपल्याची वेळ लिहायचीय. किती वाजले, सर?"

"कोणत्या घड्याळाची लिहायची, मॅडम?"

मला हे टोमण्यासारखं म्हणायचं नव्हतं. खरोखरच माहीत नव्हतं. हेडमास्तर छपराचे पत्रे पाहू लागले. मॅडमनी आपल्या मनगटावरच्या घड्याळावर पदर ओढला आणि काहीतरी लिहिलं.

"पाचची गाडी नक्की असते ना?" त्यांनी हेडमास्तरांना विचारलं.

"बिलकुल," ते म्हणाले. "ती कधीच चुकत न्हाई."

मी पास झालो. दाखल्यावर सहीही मिळाली. मॅडमचा शेरा पुढे कॉलेजात वाचायला मिळाला: विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला. साधन ठीक. वेळेचे नियोजन उत्तम.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात नुसता खिळा होता. घड्याळ हेडमास्तरांच्या ऑफिसात गेलं होतं. मी काही विचारलं नव्हतं, तरी किसनमामा म्हणाले, "पोरं ध्यान देऊन राह्यलेत."

घड्याळाचा पाठ घ्यायचा असेल तर त्या गावात एसटी कितीला येते हे आधी विचारून घ्यावं, एवढं मी त्यातून शिकलो. पुढे नोकरी लागली तेव्हा शाळेच्या गावातच खोली केली. खऱ्या अकराला जातो, घंटा देतो. बाकीचे सर बाराच्या गाडीने येतात. परवा त्यातले एक ज्येष्ठ सर मला बाजूला घेऊन काळजीने म्हणाले, "सर, राग मानू नका. पण तुम्ही आल्यापासून आपलं घड्याळ एक तास पुढं पळून राह्यलंय."